बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे लक्ष्यवजन : आधी ठरवलेला आकडा बदलावा का?

मृद्गंध

नमस्कार. वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकतात, ती माझी स्लीव्हची शस्त्रक्रिया होऊन चौदा महिने झाले. त्या दिवशी माझे वजन ११२ किलो होते, उंची १६० सेंटिमीटर आहे. आज सकाळी काटा ८१.२ वर थांबला आणि गेले अकरा आठवडे तो ८१ आणि ८२ यांच्या मध्येच घुटमळतो आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मी एका कागदावर लाल पेनाने ६२ हा आकडा लिहून तो कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला होता. बाविसाव्या वर्षी माझे वजन तेवढे होते. त्या आकड्यामागे यापलीकडे कसलाही हिशेब नव्हता. पहिले सहा-सात महिने कपाट उघडले की त्या कागदाकडे पाहून हुरूप येत असे. आता दार उघडताना मी मुद्दाम नजर कपड्यांवरच ठेवते. कागदाचा वरचा कोपरा सुटला आहे, आणि तो पुन्हा चिकटवावा की कागदच काढून टाकावा हे मला ठरवता येत नाही. म्हणून हा धागा.

तब्येतीचे सांगायचे तर रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एक बंद झाली आहे, झोपेत श्वास अडखळत असे म्हणून रात्री लावावे लागणारे यंत्र आता लागत नाही, आणि दोन जिने न थांबता चढता येतात. हे सगळे मला कळते आणि त्याचे मोलही वाटते. तरीही भेटणारा प्रत्येक जण "अजून किती उतरवायचे आहे?" असे विचारतो, आणि मी ८१ मधून ६२ वजा करून उत्तर देते. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, "छान चालले आहे" म्हणाले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. शेवटी कुठे थांबायचे, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी कोणी काढला नव्हता, नंतरही कोणी काढला नाही.

तुम्ही तुमचे लक्ष्य कसे ठरवले? एकट्याने, की डॉक्टरांशी बोलून? ते मध्येच बदलले का? आणि बदलले असेल, तर ती माघार वाटली का? शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सर्वांत अवघड आहे.


पायरव

मृद्गंधताई, मी जठराचा बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात ती शस्त्रक्रिया) करून घेतला त्याला सहा वर्षे झाली. सुरुवातीला १४६ किलो, उंची १७२. सतराव्या महिन्यात ९२ पर्यंत उतरलो आणि तो माझा नीचांक. आज ९९ आहे आणि गेली तीन वर्षे बहुतेक काळ ९७ ते १०१ मध्येच फिरतो आहे.

मी केलेली चूक सांगतो, कारण ती फार जण करतात. ९२ दिसले त्या दिवशी मी मनाशी धरले की हे माझे खरे वजन. प्रत्यक्षात मी त्या आकड्यावर जेमतेम तीन आठवडे होतो, आणि ते आठवडे आठवले तर काय दिसते? भर उन्हाळ्यात मला हुडहुडी भरत असे, लोह इतके खाली गेले होते की शिरेतून द्यावे लागले, आणि दुपारी तीननंतर माझा कामात उपयोग नव्हता. पुढच्या दीड वर्षात सात किलो परत आले तेव्हा प्रत्येक किलोला मी स्वतःला गुन्हेगार ठरवले. आज माझे लोह जागेवर आहे, मी रोज तासभर चालतो, रात्रीची झोप पुरी होते. ९२ हे मी ज्या जागेवरून गेलो ते वजन होते. राहतो आहे ते ९९.

त्यामुळे माझा आग्रह असा, की लक्ष्य ठरवताना नीचांकाचा विचारच करू नये. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आजारपण, कामाचा ताण, घरातली धावपळ हे सगळे चालू असताना जे वजन टिकेल, ते लक्ष्य. नीचांकानंतर थोडे वजन परत येणे हे बहुतेकांच्या बाबतीत होते, आणि हे मला कोणी आधी सांगितले असते तर माझी दोन वर्षे सुखात गेली असती.

गुडघ्यांबद्दल एक गोष्ट. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते, की वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. तुमचे एकतीस किलो उतरले आहेत. दोन जिने का चढता येतात, ते यावरून ध्यानात येईल.


आहारवही

मी आहारतज्ज्ञ आहे आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबरोबर रोज काम करते. इथे जे लिहिते ते सर्वसाधारण आहे. तुमच्या औषधांचा आणि रिपोर्टचा विचार तुमच्या डॉक्टरांनीच करायचा आहे.

आधी तुमचेच आकडे मांडू. ११२ पैकी ३१ किलो गेले, म्हणजे मूळ वजनाच्या २७.७ टक्के. स्लीव्हनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून थोडे जास्त वजन उतरते, बायपासनंतर त्यापेक्षा थोडे अधिक. म्हणजे तुमच्या शस्त्रक्रियेने तिच्याकडून जे अपेक्षित होते ते पूर्ण केले आहे. ६२ पर्यंत जायचे तर मूळ वजनाच्या ४४.६ टक्के उतरायला हवे होते. असे कोणाचेच होत नाही असे मी म्हणणार नाही, परंतु स्लीव्ह झालेल्यांमध्ये ते फार थोड्यांचे होते, आणि ज्यांचे होत नाही त्यांच्या प्रयत्नांत खोट असते असे मुळीच नाही.

गोंधळ होतो तो मोजमापाच्या दोन पद्धतींमुळे. एक पद्धत म्हणजे एकूण वजनाच्या किती टक्के गेले. वर मी तीच वापरली. दुसरी म्हणजे जादा वजनाच्या किती टक्के गेले. जादा म्हणजे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २५ च्या वर जेवढे आहे तेवढे. तुमच्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६४ किलो, म्हणून जादा वजन ४८ किलो, आणि त्यातले ३१ म्हणजे जवळपास ६५ टक्के गेले. शस्त्रक्रियेच्या जगात जादा वजनापैकी ५० टक्के उतरले तर ती यशस्वी मानण्याची रीत बरीच वर्षे चालत आली आहे. डॉक्टर "छान" म्हणाले ते या अर्थाने. पण रुग्णाच्या कानावर "जादा वजन" हा शब्द पडतो तेव्हा तो असे समजतो की हे सगळे जाणार आहे, आणि उरलेले ३५ टक्के त्याला स्वतःचे अपयश वाटू लागते. मला विचाराल तर रुग्णांशी बोलताना हा शब्दच वापरू नये.

शिवाय हे "जादा" ठरवणारा तक्ता कुठून आला तेही पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला यासाठी अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचे उंची-वजनाचे तक्ते वापरत. कोणत्या वजनाचे विमेदार जास्त जगतात यावरून ते तयार केले होते, आणि १९८३ च्या तक्त्यात तर वजन अंगातल्या कपड्यांसह आणि उंची टाचेच्या बुटांसह धरलेली होती. नंतर बीएमआय आला. त्याचे सूत्र बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडोल्फ केटले यांनी १८३२ च्या सुमारास मांडले, तेही सरासरी माणूस कसा असतो या शोधात. त्याला आजचे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी दिले. लोकसमूहाचा अंदाज घ्यायला ही मापे उपयोगाची आहेत. पण ११२ किलोवरून खाली आलेल्या एका शरीराने कुठे थांबावे, हे सांगण्यासाठी यातले एकही माप तयार झालेले नाही. इतकी वर्षे ते वजन पेलल्यामुळे तुमची हाडे आणि स्नायू अधिक भरीव झालेले असतात, सैल झालेल्या त्वचेचे वजन वेगळे, आणि या दोन्ही गोष्टी काट्याला दिसत नाहीत.

आता पायरव यांच्या मुद्द्याला आकड्यांचा आधार देते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते आणि दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर स्थिरावले. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटातले मृत्यूचे प्रमाणही न झालेल्यांपेक्षा कमी होते, म्हणजे सात टक्के परत येऊनही फायदा वाया गेला नाही. फिनलंडमध्ये २४० रुग्णांना स्लीव्ह आणि बायपास अशा दोन गटांत विभागून दहा वर्षे पाहिले. स्लीव्हच्या गटात दहाव्या वर्षी जादा वजनातली घट मध्यकाने, म्हणजे क्रमाने लावलेल्या रुग्णांतल्या अगदी मधल्याची, ४३.५ टक्के होती. पण त्या गटात २.१ टक्क्यांवर असलेला माणूस होता आणि १०९.२ टक्क्यांवर असलेलाही होता. ही रुंदी लक्षात घ्या. शेजारी बसलेल्या रुग्णाचा आकडा आपल्याला का लागू पडत नाही, हे त्यावरून कळते.

तुमच्या जागी मी असते तर आजच्या ८१ ला "अडकलेले वजन" म्हटले नसते. ते कदाचित पोहोचल्याचे ठिकाण आहे. तीन-चार किलो अजून जाऊ शकतात. पण पुढच्या पाच वर्षांचे मोठे काम हे गेलेले एकतीस किलो परत येऊ न देणे हे आहे, आणि त्या कामाची कोणी वाहवा करत नाही, कारण काटा हलत नाही.


उत्तरायण

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. मृद्गंध यांना अजून दीड वर्षही झालेले नाही. आत्ताच "पोहोचलात" असे सांगितले तर त्या प्रयत्न सोडतील. माझे वजन १०४ होते, उंची १७५, मधुमेह अकरा वर्षांचा. मी पहिल्या दिवसापासून ठरवले होते की बीएमआय २५ च्या आत यायचे. आज ७६ आहे, बीएमआय २४.८. मधुमेहाची एकही गोळी नाही. मला कोणी ८५ वर समाधान मान असे सांगितले असते तर मी ८५ वरच राहिलो असतो. मोठे लक्ष्य ठेवले म्हणून इथवर आलो असे माझे प्रामाणिक मत आहे.


पायरव

उत्तरायण, तुमचे मनापासून अभिनंदन. अकरा वर्षांच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद होणे ही फार मोठी गोष्ट आहे.

पण तुमचे आकडे वहीत मांडून पाहिले. १०४ वरून ७६ म्हणजे २८ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या २६.९ टक्के. ताईंचे २७.७ टक्के. तुमच्या दोघांच्या शरीरांनी जवळजवळ सारखेच काम केले आहे, त्यांच्याने तर तुमच्याहून तसूभर जास्तच. तुम्ही बीएमआय ३४ पासून सुरुवात केलीत म्हणून २४.८ वर आलात. त्यांनी जवळपास ४४ पासून केली म्हणून त्या ३१.७ वर आहेत. मी ४९ च्या पुढे होतो. ३२ टक्के घट टिकवूनही माझा बीएमआय आज ३३ च्या वर आहे. तुमची जिद्द मी नाकारत नाही. पण आपण तिघे एकाच पायरीवरून निघालो नव्हतो, आणि तक्ता फक्त कुठे पोहोचलो तेच पाहतो.


उत्तरायण

हा हिशेब मी कधी केला नव्हता. शब्द मागे घेतो, निदान "प्रयत्न सोडतील" हे तरी. माझ्या गटातल्या एका मित्राला मी वर्षभर हेच ऐकवत आलो आहे, त्याची सुरुवात १५० च्या पुढची होती. त्याच्याशी बोलावे लागेल.

एका गोष्टीवर मात्र ठाम आहे. आकडा बदलण्याआधी मूळ गोष्टी तपासून पाहाव्यात. दहाव्या महिन्यात माझेही वजन दोन महिने हलले नव्हते. तेव्हा सात दिवस जे पोटात जाईल ते सगळे लिहून काढले, तर प्रथिने रोज ४० ग्रॅमच्या आसपास निघाली आणि संध्याकाळनंतर दर अर्ध्या तासाने काहीतरी तोंडात टाकत होतो. प्रत्येक वेळी इतके थोडे, की ते खाणे आहे असे मला वाटतच नव्हते.


आहारवही

हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि मी तो आधी लिहायला हवा होता. दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम प्रथिने, आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, आणि लहान लहान घासांनी दिवसभर चरत राहण्याची सवय लागली आहे का, हे पाहावेच. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात, आणि स्नायू घटले की शरीर बसल्या जागी जी ऊर्जा वापरते तीही घटते. काही औषधांनीही वजन अडते किंवा वाढते : स्टेरॉइड, इन्सुलिन, नैराश्यावरच्या काही गोळ्या. थायरॉइड पाहिले आहे का तेही विचारा. गोळ्या स्वतःहून बंद मात्र करू नका.

हे सगळे नीट चाललेले असूनही वजन तीन-चार महिने तिथल्या तिथे राहिले, तर शरीर तिथे स्थिरावले आहे असे समजायला हरकत नाही. त्यानंतर खाणे आणखी कमी करत नेले की पदरात पडतो तो अशक्तपणा, आणि उतरलेले एक-दोन किलो लवकरच परत येतात. डॉक्टरांना त्याहून अधिक घट आवश्यक वाटली, उदाहरणार्थ मधुमेह आटोक्यात नाही म्हणून, तर आता वजन घटवणारी नवी औषधेही आहेत. पण तो निर्णय आजारावरून व्हावा, कपाटावरच्या आकड्यावरून होऊ नये.


निळीशाई

सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. पण या धाग्यावर लिहावेसे वाटले.

मी ६५ हे लक्ष्य ठेवले होते. ९८ पासून सुरुवात, उंची १५८. चौदाव्या महिन्यात ६४ झाले. घरच्यांनी आनंद केला. मी त्याच रात्री फोनमधल्या नोंदवहीत ६५ खोडून ६० लिहिले. ६० आले तेव्हा ५७ लिहिले. माझा बीएमआय शेवटपर्यंत "सामान्य" होता, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. उलट सगळे कौतुकच करत होते. ५५ वर असताना एका सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले, हनुवटीला चार टाके पडले. तेव्हा मी दिवसातून सहा वेळा वजन करत होते. पाणी प्यायल्यावरही करत होते. पाण्याचा पेला दोनशे ग्रॅमचा असतो हे मला काट्यावरून पाठ झाले होते.

समुपदेशक ताईंनी पहिल्याच भेटीत विचारले, "पोहोचल्यावर काय होईल असे वाटले होते?" मला उत्तर देता आले नाही. मला वाटले होते की आरशातली बाई बदलेल.

आज ६३ आहे, अडीच वर्षे. काटा घरात नाही. तपासणीला जाते तेव्हा परिचारिका वजन करतात. मृद्गंधताई, तुमचा आकडा एका जागी चिकटवलेला आहे तरी, माझा पळत होता. पण तुम्ही कपाट उघडताना नजर चुकवता हे वाचून पोटात कालवले. त्यासाठी कोणाशी तरी बोला. वजनाचे जे व्हायचे ते होईल.


वाटसरू

थोडक्यात लिहितो. त्वचेचा मुद्दा वर ओझरता आला आहे. मी पोटावरची सैल त्वचा काढून घेतली तेव्हा काढलेल्या भागाचे वजन ३ किलो ४०० ग्रॅम भरले. ते तीन किलो मी दोन वर्षे व्यायामाने "उतरवण्याच्या" मागे होतो! ही शस्त्रक्रिया वजन काही महिने स्थिर झाल्याशिवाय सहसा करत नाहीत, म्हणून घाई नको. सगळ्यांना ती लागते असेही नाही. पण आरशात जे दिसते ते सगळे चरबीच आहे असे धरून लक्ष्य ठरवू नका.


मृद्गंध

सर्वांचे प्रतिसाद दोन-दोन वेळा वाचले. निळीशाईताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. इतके मोकळेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

आहारवहीताई, दहा वर्षांचे आकडे वाचून आधी धक्का बसला. ४३.५ टक्के म्हणजे माझ्या बाबतीत सुमारे २१ किलो, म्हणजे वजन ९१ च्या आसपास. मग जाणवले की माझ्या कागदावर एका टोकाला ६२ आहे आणि अभ्यासातल्या मधल्या रुग्णाचे वजन माझ्या मापाने ९१ येते, आणि मी ८१ वर उभी राहून स्वतःला नापास ठरवते आहे.

उत्तरायणदादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे मी कालपासून लिहायला सुरुवात केली आहे. पहिल्याच दिवशी प्रथिने ५२ ग्रॅम निघाली. म्हणजे तिथे सुधारणेला जागा आहे.


आहारवही

सुंदर. आणखी एक गोष्ट करून पाहा. १९९७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी साठ स्थूल स्त्रियांना उपचारापूर्वी, लक्ष्याशिवाय, आणखी चार वजने लिहायला सांगितली होती : स्वप्नातले, आनंद देणारे, चालेल असे, आणि निराश करणारे. त्यांचे लक्ष्य सरासरी ३२ टक्के घटीचे होते. पंचवीस किलो उतरले तर चालेल, सतरा उतरले तर निराशा होईल, असे त्यांनी लिहिले. हे उपचार शस्त्रक्रियेचे नव्हते, हे लक्षात घ्या. अठ्ठेचाळीस आठवड्यांनी सरासरी सोळा किलो उतरले होते, आणि जवळपास निम्म्या जणी स्वतःच लिहिलेल्या "निराश करणाऱ्या" वजनापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या. सोळा किलो काही थोडे नाहीत. रक्तदाब आणि साखर सुधारायला मूळ वजनाच्या पाच-दहा टक्के घटही पुरेशी ठरते. तरी त्यांच्या पदरी निराशा आली, कारण ती आधीच लिहून ठेवलेली होती.

मी माझ्या रुग्णांना ही चार वजने शस्त्रक्रियेआधी लिहायला लावते, आणि शेजारी प्रत्येक वजनावर काय करता यायला हवे तेही लिहायला सांगते. बहुतेक वेळा असे होते, की स्वप्नातल्या वजनासमोर कपड्यांचे माप येते आणि "चालेल" समोर जगण्यातल्या गोष्टी येतात.


मृद्गंध

काल रात्री लिहिली. स्वप्नातले ६२, आनंदाचे ७०, चालेल असे ८०, निराशेचे ८८.

६२ समोर मी लिहिले : "तेव्हाचा निळा ड्रेस." ७० समोर : "फोटोत मागे उभे राहावे लागणार नाही." ८० समोर लिहायला घेतले तर पेन थांबेचना : जिना, रात्रीची झोप, रक्तदाबाची एकच गोळी, जमिनीवर बसून हाताचा आधार न घेता उठणे, विमानात पट्ट्याला जोड न मागणे, नेहमीच्या दुकानात कपडे मिळणे. यातले जमिनीवरून उठणे सोडले तर सगळे आजच होते आहे. तेही परवा जवळजवळ जमले, डाव्या हाताची दोन बोटे टेकली.

फोटोत मागे उभे राहण्याचे मात्र वजनाशी काही देणेघेणे नसावे असे लिहितालिहिताच वाटले. त्याबद्दल समुपदेशकांशी बोलणार आहे. रुग्णालयात ती सोय आहे हे मला आज फोन केल्यावर कळले.


पायरव

ताई, मग आता एक आकडा लिहू नका, पट्टा लिहा, म्हणजे इथपासून इथपर्यंत असे दोन आकडे. माझा ९७ ते १०१ आहे. काटा पट्ट्यात असला की मी त्याचा विचार करत नाही. १०३ दिसले आणि दोन आठवडे राहिले तर मी कोणतीही शिक्षा स्वतःला न करता आहारतज्ज्ञांना फोन करतो. सहा वर्षांत दोनदा केला. एकदा कारण आईचे आजारपण होते, एकदा गुडघा दुखावून चालणे बंद झाले होते. दोन्ही वेळा तीन-चार महिन्यांत परत पट्ट्यात आलो. वरची सीमा लाजेची नाही, मदत मागण्याची आहे, असे त्यांनीच मला सांगितले होते.


निळीशाई

आणि खालची सीमाही लिहा, ताई. माझी ६१ आहे. त्याखाली गेले तरी फोन करायचा असे ठरले आहे.


मृद्गंध

आज दुपारी कागद काढला. गोंद सुकला होता, दाराचा थोडा रंग त्याच्याबरोबर निघाला. फाडला नाही, शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवला आहे, कारण पहिल्या सात महिन्यांत त्याने मला खरोखर चालवले होते.

नवा कागद निळ्या पेनाने लिहिला. ७७ ते ८३. ८५ च्या वर किंवा ७५ च्या खाली दोन आठवडे राहिले तर फोन, आणि खाली आहारतज्ज्ञांचा नंबर. हा पट्टा पुढच्या महिन्यातल्या तपासणीत डॉक्टरांसमोर ठेवणार आहे आणि त्यांचे मत ऐकल्याशिवाय खोलीबाहेर पडणार नाही. प्रथिने, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि उरलेली रक्तदाबाची गोळी, एवढे विषय एका चिठ्ठीवर लिहून ठेवले आहेत. आणखी काही विचारायला हवे असे कोणाला वाटत असेल तर कृपया लिहा. तपासणी १८ तारखेला आहे.


आहारवही

कॅल्शियम घेता का, आणि कोणत्या स्वरूपातले, हेही चिठ्ठीत लिहा. शिवाय स्नायू आणि चरबी वेगळी मोजण्याची सोय तिथे असेल तर आजचे माप घेऊन ठेवा. पुढच्या वर्षी काटा ८१ च दाखवेल आणि आत बरेच काही बदललेले असेल. तेव्हा ते दाखवायला आजचा कागद हवा.